करमुक्त कुंकू आणि कर्ज जोखणारं यंत्र

छोट्या उद्योजकाची पत त्याच्या डिजिटल व्यवहारांवरून जोखायची, अशी घोषणा २०२४च्या अर्थसंकल्पात झाली आणि मार्च २०२५मध्ये सरकारी बँकांनी तसं मॉडेल सुरूही केलं. जीएसटीची विवरणपत्रं, खातेउतारा, आयकराचा तपशील असं सगळं यंत्रच गोळा करतं आणि पडताळतं. तारणाला काही नसलेल्यांसाठी ही सोयच आहे.

मात्र करमाळा तालुक्यातल्या केमसारख्या कुंकवाच्या गावात एक पेच पडतो. कुंकवावर जीएसटी शून्य. फक्त करमुक्त माल विकणाऱ्यावर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही आणि नोंदणी नाही तर विवरणपत्रंही नाहीत. सरकारनेच दिलेली सवलत यंत्रापुढे रिकामा रकाना होऊन बसते.

पारंपरिक कुंकवामागचं रसायन इथे कामाला येतं. हळदीला चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लावला की तिच्यातलं करक्युमिन लाल होतं. शाळेतला हळदीचा कागद आठवा. चुन्याची निवळी तो लगेच ओळखतो. लिंबाचा रस टाका नाहीतर साधं पाणी, कागद पिवळाच! आम्ल असणं आणि काहीच नसणं त्याला सारखंच. नीट न घडवलेलं यंत्रही असंच फसेल: कर्ज बुडवणारा आणि कधी नोंदच न झालेला, दोघे एकाच रांगेत.

कर्जदार पारखणाऱ्या या गणिताचं मूळ फुलांत आहे, हे मला फार आवडतं. पाकळ्या-निदलांच्या मापांवरून आयरिसच्या जाती वेगळ्या काढायची रीत रोनाल्ड फिशरने १९३६मध्ये मांडली. १९४१मध्ये डेव्हिड ड्युरँडने तीच कर्जदार पारखायला वापरली. नाव फिशरचं झालं. मापं होती वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसनची. तीनपैकी दोन जातींची फुलं त्याने एकाच कुरणातून, एकाच दिवशी खुडून एकाच साधनाने मोजली होती. जे मोजलंच नाही, त्यावर फिशर काय करणार?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाहिरातींत मापं घेणारा अँडरसन कुठेच नसतो. केमसारख्या गावात तर मापंच अपुरी आहेत. जीएसटीबाहेरच्या सूक्ष्म उद्योगांसाठी जानेवारी २०२३पासून ‘उद्यम असिस्ट’ नोंदणी आहे. तिच्यावरून उद्योग आहे एवढं कळतं, कसा चालतो ते नाही. रोखीतली विक्री तर खातेउताऱ्यातही पूर्ण उमटत नाही. म्हणून ‘द्या’ आणि ‘देऊ नका’ यांच्या जोडीला ‘मला ठरवता येत नाही’ हे तिसरं उत्तर यंत्राला शिकवायला हवं. ते उत्तर आलं, की बँकेच्या अधिकाऱ्याने कारखान्यात जाऊन माल, वही आणि गिऱ्हाईक स्वतः पाहावं.