जुने दप्तर आणि नवा शोध

दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत आपल्या महाविद्यालयात एकच शब्द कानी पडतो : पुरावा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत, त्यांनी तो आणावा कोठून? माझ्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलांची शिष्यवृत्ती या एका कागदापाशी अडते.

कागद नसतोच असे नाही. गावचे जन्ममृत्यू पूर्वी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे आपल्या बोलीतल्या कोतवाल बुकात, लिहीत. ही जुनी बुके पुष्कळ ठिकाणी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहेत. पण लिपी बहुधा मोडी. शब्द एकमेकांना चिकटलेले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आडनावाचा पत्ता नसतो, नुसते 'अमका बिन तमका'. बाई असेल तर 'कोम' म्हणून नवऱ्याचे नाव. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी गरज पडली हे सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

महसूल खात्याने अनेक जुने कागद छायांकित करून 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेवले आहेत. परंतु छायाचित्र म्हणजे अक्षर नव्हे. तेथे गाव, कागदाचा प्रकार आणि गट क्रमांक ठाऊक असेल तरच पान सापडते. ज्याला गट क्रमांक ठाऊक आहे त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते!

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग येथे होऊ शकतो. प्रथम यंत्राला हस्ताक्षर वाचायला शिकवतात. त्यासाठी माणसांनी वाचून दिलेली शेकडो पाने नमुन्यादाखल लागतात. मग शोध नुसत्या अक्षरांवर न होता अर्थावर होतो. 'आजोबांची जमीन बापाच्या नावावर कधी झाली' असे विचारले, तर फेरफारातील 'वारसाने' हा शब्द यंत्राने पुढे आणावा. रामा, रामजी, रामू ही एकाच माणसाची नावे असू शकतात, हेही त्याने ध्यानात घ्यावे.

तथापि काही गोष्टी यंत्राला सांगाव्याच लागतात. १९४७ च्या कायद्यान्वये एकत्रीकरण झाले तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यांचा मेळ एकत्रीकरणाच्या उताऱ्यातच असतो. तो दिला नाही तर यंत्र चुकीच्या शेतात नेऊन सोडील. शिवाय न वाचता आलेली जागा ते अंदाजाने भरते, हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. पणजोबांचे नाव अंदाजाने कसे चालेल? म्हणून उत्तरासोबत मूळ पानाचे चित्र आलेच पाहिजे. दाखल्यासाठी कचेरीची प्रमाणित नक्कल तर लागणारच.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम कचेऱ्यांना अभिलेखांची सूची करून ठेवण्यास सांगते. सूचीच नसेल तर यंत्र तरी काय शोधणार?

नमुन्याची पाने वाचून देण्याचे काम मात्र आपल्यालाही जमेल. इतिहास विभागाने शनिवारी दोन तास मोडीचा वर्ग सुरू केला, तर पहिल्या बाकावर बसायला मी तयार आहे.