कुंकळ्ळीचे पाच, सोळा आणि चौदा

दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळी गावाने पोर्तुगीजांविरुद्ध केलेल्या उठावाला पाठ्यपुस्तकात जागा देण्यावरून गोव्यात चर्चा झाली आहे. दर जुलैत हा विषय वर येतो. गावात १५८३ साली मारल्या गेलेल्या पाच जेझुइट मिशनऱ्यांच्या स्मृतीचे चॅपेल आहे आणि उठाव करणाऱ्या गावकरांचे (गावप्रमुखांचे) स्मारकही. बहुतेक जण यांतले एकच पाहून परततात.

पाचांत सर्वांत नामांकित रोडोल्फो अक्वाविवा. नेपल्सच्या राज्यातल्या सरदार घराण्याचा मुलगा, काका जेझुइटांचे सर्वोच्च प्रमुख. १५८० पासून तो फत्तेपूर सिक्रीत अकबरासमोर मौलवींशी वाद घालत होता. बादशहा ख्रिस्ती झाला नाही, पण पाहुण्याच्या केसालाही धक्का लागला नाही. मग कुंकळ्ळीच्या साष्टी भागातच असे काय घडले?

घडले ते आधीच. पोर्तुगीज फौजांनी साष्टीतली देवळे पाडली होती. कुंकळ्ळीवरच्या मोहिमांत पाशेको आणि बेर्नो हे पाचांतले दोन पाद्री फौजेसोबत होते. तेच पुढे अक्वाविवासोबत क्रूस रोवायला आणि चर्चसाठी जागा पाहायला आले, तेव्हा गावाने त्यांना ओळखले. जेझुइट वृत्तांत सांगतो, की सोबतच्या गोन्सालो रॉड्रिग्ज या पोर्तुगीजाने बंदूक रोखली, तेव्हा पाशेकोनेच त्याला थांबवले. हे धैर्य खरे होते आणि गावाचा संतापही खरा होता. पाचही जेझुइटांना मारून मृतदेह विहिरीत टाकले गेले.

पोर्तुगीजांनी सूड मात्र थंड डोक्याने घेतला. बोलणीच्या निमित्ताने सोळा गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि कापून काढले. एकटाच नदीत उडी टाकून निसटला. गावाच्या जमिनीही गेल्या. गावची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली, ती आजही तिथेच आहे. छत्रोत्सवात तिच्या छत्र्या कुंकळ्ळीत येतात आणि बारा वांगोडांतले (कुळांतले) हिंदू-ख्रिस्ती दोघेही त्यात असतात.

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. पाद्र्यांसोबत गोन्सालो आणि चौदा स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. त्यांत डॉमिनिक नावाचा कुंकळ्ळीचाच एक मुलगा होता. १८९३ मध्ये पोप तेराव्या लिओंनी धन्य घोषित केले ते फक्त पाच जेझुइटांना. हे चौदा जण ना चर्चच्या यादीत बसले, ना उठावाच्या गौरवगाथेत. धडा लिहिला जाणार असेल, तर गावकरांइतकीच जागा या चौदांनाही मिळायला हवी. तेही याच मातीतले होते.