मुलीसाठी घर हललं, त्याची गोष्ट

मित्रमैत्रिणींनो, समजा तुम्ही बेलवलीत राहता. तुम्हाला बास्केटबॉलचं भारी वेड आहे. पण तुमच्या शाळेत मुलींचा संघच नाही. मुलांचा आहे, मुलींचा नाही! तुम्ही घरी येऊन कुरकुर करता. तेव्हा बाबा काय म्हणतील? बहुतेक म्हणतील, "अगं, मग दुसरं काहीतरी खेळ की!" फारच हौशी असतील तर अंबरनाथ, उल्हासनगर, नाहीतर थेट ठाण्याला एखादा क्लब शोधतील आणि लोकलचा पास काढून देतील. पण "चला, सामान बांधा. जिथे मुलींचा संघ आहे तिथेच राहायला जाऊ," असं म्हणणारे बाबा तुम्ही कधी पाहिलेत?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात असे एक बाबा होते. रिचर्ड हेड त्यांचं नाव. शेतकरी माणूस. तंबाखूची शेती, गाईगुरं, दुधाचा धंदा. बोलायला कमी आणि शिस्तीला कडक. पाच मुलांमधलं चौथं अपत्य म्हणजे आपली पॅट. तिचा जन्म १४ जून १९५२चा. तिला तीन थोरले भाऊ. दिवसभर शेतात राबायचं आणि संध्याकाळी गवताच्या माळ्यावर टांगलेल्या बास्केटपाशी दोघं विरुद्ध दोघं असा सामना रंगवायचा, हा त्या भावंडांचा शिरस्ता. धाकटी म्हणून भाऊ तिला मुळीच सूट देत नसत. ढकलाढकली, धक्काबुक्की सगळं सारखंच!

पॅट मोठ्या शाळेत जायच्या वयाची झाली, तेव्हा कळलं की तिथल्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघच नाही. मग रिचर्डरावांनी बिऱ्हाड उचललं आणि जवळच्याच पण दुसऱ्या जिल्ह्यात असलेल्या हेन्रिएटा गावी नेलं. का? तर तिथल्या शाळेत मुली खेळत होत्या. एवढंच कारण!

पण खेळत होत्या म्हणजे कशा, ते ऐका. त्या काळी टेनेसीतल्या शाळांमध्ये मुलींचा संघ सहाजणींचा असे. तिघींनी फक्त हल्ला करायचा, तिघींनी फक्त बचाव. मैदानाची मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. मुली नाजूक, पूर्ण मैदानभर धावल्या तर त्यांना झेपणार नाही, अशी मोठ्या माणसांची समजूत होती. शेतात राबणाऱ्या पॅटला हे ऐकून काय वाटलं असेल!

पुढे कॉलेज आलं. भावांना खेळाच्या जोरावर शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या. पॅट खेळात काही कमी नव्हती. पण मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नसत. तिची फी आईवडिलांनी पदरची भरली. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. त्या कायद्यात बास्केटबॉलचं नावही नव्हतं. पण मुलींच्या मैदानाचं दार उघडलं ते त्यानेच.

१९७४ साली शेवटच्या वर्षाला असताना पॅटचा गुडघा जायबंदी झाला. अशी दुखापत म्हणजे त्या काळी खेळाला रामरामच. पण रिचर्डरावांनी डॉक्टरांना बजावलं, की गुडघा नीट बसवा, माझ्या मुलीला ऑलिंपिकला जायचंय. गंमत म्हणजे तोवर ऑलिंपिकमध्ये मुलींचं बास्केटबॉल नव्हतंच! ते पहिल्यांदा आलं १९७६ साली, मॉन्ट्रियलला.

त्याच १९७४मध्ये पॅटला टेनेसी विद्यापीठाने बोलावलं. आधी मदतनीस म्हणून, आणि मग मुख्य प्रशिक्षक बाई सोडून गेल्यावर थेट त्यांच्या जागी. वय वर्षं २२! संघातल्या काही मुली तिच्याहून जेमतेम एखाद्या वर्षाने लहान. आता तिला आपण पॅटबाईच म्हणू, कारण त्या 'बाई' झाल्या ना! पगार महिना २५० डॉलर. त्यात काम काय काय? मुलींना शिकवायचं, गाडी स्वतः चालवत त्यांना सामन्याला न्यायचं आणि परत आल्यावर घामेजलेल्या जर्सीसुद्धा स्वतःच धुवायच्या. पहिला सामना कसा झाला म्हणता? हरल्या! ८३ विरुद्ध ८४. एका गुणाने.

शिवाय पॅटबाई स्वतः पदव्युत्तर पदवीचा अभ्यास करत होत्या आणि दुखऱ्या गुडघ्याला व्यायामाने वळणावर आणत होत्या. १९७६ साली त्या अमेरिकेच्या संघाच्या सहकर्णधार म्हणून मॉन्ट्रियलला खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. रिचर्डरावांचा शब्द खरा ठरला. आठ वर्षांनी, १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये, त्याच संघाच्या त्या प्रशिक्षक होत्या. या वेळी पदक सोन्याचं होतं.

आणि ती मधली रेषा? कॉलेजात पाचजणी पूर्ण मैदानभर खेळत आणि शाळेतून येणाऱ्या मुलींना मात्र अर्धंच मैदान ठाऊक. पॅटबाईंनी या नियमाविरुद्ध आवाज उठवला. १९७९ साली टेनेसीतल्या शाळांनी तो नियम बदलला.

लग्नानंतर त्या पॅट समिट झाल्या आणि याच नावाने जगाला ठाऊक झाल्या. त्यांची एक करडी नजर होती म्हणतात. ती नुसती वळली तरी खेळाडूच्या पोटात गोळा यायचा. नियमही तसेच. वर्गाला दांडी मारायची नाही. वर्गात बसायचं ते पहिल्या तीन रांगांत. मागच्या बाकावर बसून डुलक्या काढणं बंद! (बघा, तुमचे आईबाबा आत्ता मान डोलावत असतील.) पण मुली त्यांना 'मॅडम' म्हणत नसत, सरळ 'पॅट' म्हणून हाक मारत. तशी त्यांचीच इच्छा होती.

तमिका कॅचिंग्ज नावाची एक खेळाडू होती. तिला जन्मापासून कमी ऐकू येई. लहानपणी चिडवतात म्हणून तिने श्रवणयंत्र लावणंच सोडलं होतं. पॅटबाईंनी तिची समजूत घातली, की यात लपवण्यासारखं काही नाही. तमिकाने पुन्हा यंत्र लावलं. पुढे ती एक नाही, दोन नाही, चार ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली!

आता थोडं गणित. ३८ मोसम. एकूण सामने १३०६. त्यात जिंकले १०९८ आणि हरले २०८. राष्ट्रीय विजेतेपदं ८. पहिलं १९८७चं, शेवटचं २००८चं. १९९७-९८च्या मोसमात ३९ सामने खेळले आणि ३९ जिंकले. त्या काळी इतके विजय अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या गटात दुसऱ्या कुठल्याही प्रशिक्षकाच्या नावावर नव्हते, पुरुषांच्या संघांचे प्रशिक्षक धरूनसुद्धा! तो विक्रम मोडायला २०१८ साल उजाडावं लागलं. पण सगळ्यांत मोठा आकडा वेगळाच आहे: जिने जिने त्यांच्याकडे खेळाची सगळी वर्षं पूर्ण केली, तिने तिने पदवी घेतली. शंभर टक्के निकाल!

आणि मग ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९व्या वर्षी, पॅटबाईंनी एक बातमी स्वतःच जाहीर केली. त्यांना अल्झायमर झाला होता. या आजारात माणूस हळूहळू विसरत जातो, आधी किल्ली कुठे ठेवली ते, मग नावं, मग आपली माणसं. ज्या बाईंना सामन्यातली एकेक चाल पाठ असायची, त्यांना हे व्हावं! लपवून ठेवता आलं असतं. पण त्या लपल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी संघाबरोबर आणखी एक मोसम काढला. २०१२ साली जागा सोडली ती त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या आणि नंतर त्यांची सहायक झालेल्या हॉली वॉरलिककडे. या आजारावर संशोधन व्हावं म्हणून त्यांनी एक संस्थाही काढली. २८ जून २०१६ रोजी, ६४व्या वर्षी, पॅटबाई गेल्या.

सामने त्या विसरल्या असतील. पण जिला पहिल्या रांगेत बसवलं, जिच्या कानातल्या यंत्राची लाज घालवली, ती कशी विसरेल?

आपल्याकडेही मुली पूर्ण मैदानभर धावताहेत, बरं का! २०१७ साली बंगळूरला आशिया कपच्या 'ब' गटात भारतीय मुली जिंकल्या, त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. पुढची मुलगी बदलापूरची का नसावी?

आईबाबांनो, बिऱ्हाड हलवा असं आम्ही म्हणत नाही. पण मुलगी सरावाला निघाली, की भांडी घासायला तिच्या भावाला बसवा. घर तेवढं हललं तरी पुष्कळ झालं!