पैलतीरावरचा बिशप

श्रद्धेपायी जोखीम पत्करणारे म्हटले की दूरदेशी गेलेले मिशनरी डोळ्यांपुढे येतात. आजचा माणूस गोमंतकातलाच. त्याला भय होते ते स्वतःच्या चर्चच्या अधिकाऱ्यांचे, आणि आसरा मिळाला तो आदिलशाहीत, डिचोलीला.

मातेउस द कास्त्रो यांचा जन्म १५९४च्या सुमारास दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण घराण्यात झाला. दिवाडीहून डिचोलीच्या नार्व्याला आजही फेरीबोट जाते. नदी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. त्या काळी एवढ्याशा पाण्याच्या अलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते आणि पलीकडे विजापूरचे. पोर्तुगीजांनी दिवाडीचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले, तेव्हा भाविकांनी आपला देव पैलतीरी नार्व्यालाच नेला होता. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये केला.

कास्त्रो बार्देशात रेइश मागुशला फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे शिकले. त्यांना धर्मगुरू व्हायचे होते, पण आर्चबिशपांनी एतद्देशीय म्हणून दीक्षा नाकारली. दुसरा कोणी नशिबाला बोल लावून घरी बसला असता. हे खुष्कीच्या वाटेने थेट रोमला निघाले आणि १६२५मध्ये तिथे पोचले. वेळ त्यांच्या पथ्यावर पडली. पूर्वेकडची चर्चे पोर्तुगालच्या राजाच्या मुठीत राहू नयेत, म्हणून पोपने १६२२मध्ये धर्मप्रसारासाठी स्वतंत्र मंडळ नेमले होते आणि त्या मंडळाला देशी धर्मगुरू हवे होते. कास्त्रोंना तिथे दीक्षा मिळाली. पुढे १६३७मध्ये गाजावाजा न करता त्यांना बिशप करून आदिलशाही मुलूख सोपवण्यात आला. लॅटिन परंपरेतले हे पहिले भारतीय बिशप.

गोव्यात मात्र त्यांना कोणी बिशप मानेना. राजाच्या संमतीवाचून नेमलेला बिशप पोर्तुगीजांच्या लेखी उपराच होता. म्हणून त्यांनी डिचोलीत ठाण मांडले आणि देशी तरुणांना दीक्षा दिली. ती दीक्षा गोव्यातल्या अधिकाऱ्यांनी अवैध ठरवली. दाद मागायला पुन्हा रोम गाठायचे, पुन्हा परतायचे, असे त्यांचे आयुष्य गेले. इथवरचे त्यांचे धाडस मला फार मोठे वाटते, कारण पणाला लागले होते ते त्यांचे स्वतःचे आयुष्य.

पुढचा भाग अवघड आहे. १६५३मध्ये त्यांनी डिचोलीहून गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून एक जळजळीत पत्र लिहिले. ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावाने ते ओळखले जाते. वेंगुर्ल्याच्या वखारीतल्या डचांशी आणि विजापूर दरबाराशी त्यांचे संधान होतेच. १६५४मध्ये आदिलशाही फौजा गोव्यावर चालून आल्या आणि पोर्तुगीजांनी ठपका कास्त्रोंवर ठेवला. अन्याय खरा होता, त्यांची तळमळही खरी होती. पण फौज गावात शिरली की भरडला जातो तो शेतकरी, मग तो ख्रिस्ती असो वा हिंदू. त्याला न विचारता त्याचे घरदार पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही ईश्वरी कार्याने मिळत नाही, असे मला ठामपणे वाटते.

याच शतकातल्या दुसऱ्या एका गोमंतकीयाने, जोझेफ वाझ यांनी, पणाला लावला तो फक्त स्वतःचा जीव. ते १६८७मध्ये मजुराच्या वेषात सिलोनमध्ये शिरले, ते त्याच डचांची नजर चुकवून. डचांच्या बंदीमुळे तिथल्या कॅथलिकांना धर्मगुरू उरला नव्हता. कँडीत त्यांना पोर्तुगीज हेर समजून डांबले गेले. पुढे देवीची साथ आली तेव्हा ते रोग्यांची शुश्रूषा करत राहिले. २०१५मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले. कास्त्रोंच्या वाट्याला असा सन्मान आला नाही. ते १६७७मध्ये रोममध्येच वारले.

त्यांचे गाऱ्हाणे मात्र मिटले नाही. वरची पदे गोऱ्यांनाच मिळतात, या रागातून १७८७मध्ये गोमंतकीय पाद्र्यांनी कांदोळीत कट रचला. तोच पिंटोंचा उठाव. पुढच्याच वर्षी पेडणे पोर्तुगीजांकडे गेले. डिचोली त्याआधीच, १७८१मध्ये गेली होती. कास्त्रोंना जिथे आसरा मिळाला होता, तो मुलूखही आता लिस्बनच्या हुकमतीखाली आला. त्या कटातल्या पाद्र्यांचे पुढे काय झाले, ते पुढच्या आठवड्यात पाहू.