टपालाने आलेले रामायण

इंदूरच्या आमच्या जुन्या घरात १९५५ साली रेडिओ होता, हाताने किल्ली द्यावयाचा ग्रामोफोन होता, आणि तरीही ‘गीतरामायण’ आमच्या घरी आले ते टपालाने. आंतरदेशीय पत्राच्या निळ्या कागदावर, आत्याच्या बारीक आणि उजवीकडे कललेल्या अक्षरांत. आजच्या मुलांना हे सांगावे तर ती आधी हसतात, आणि मग विचारतात, ‘‘पण पत्रातून गाणे ऐकू कसे येणार?’’ प्रश्न रास्त आहे. आमच्या आईलाही तोच पडला होता.

पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरील सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून, ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून आणि सुधीर फडके यांच्या संगीतातून ही मालिका अवतरली. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला तिचे पहिले गीत प्रसारित झाले. पुढे दर आठवड्यास एक याप्रमाणे, मध्ये अधिक मास आल्यामुळे बावन्नाऐवजी छप्पन्न गीते होऊन, १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस सांगता झाली. पहिले गीत लिहिलेला कागद ऐन वेळी हरवला आणि माडगूळकरांना ते पुन्हा लिहावे लागले, ही कथा पुढे सर्वश्रुत झाली. गाणाऱ्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, लता मंगेशकर अशी एकाहून एक नावे होती. महाराष्ट्रात त्या वेळी लोक म्हणे रेडिओला हार घालून बसत. आमच्या रेडिओला मात्र हार घालून उपयोग नव्हता. मध्यम लहरी दिवसा फार दूर पोचत नाहीत. सकाळच्या वेळी पुणे केंद्राच्या जागी आमच्याकडे केवळ खरखर ऐकू येई. त्याच वर्षी मालवा हाऊसमध्ये इंदूरचे केंद्र सुरू झाले खरे, पण म्हणून पुण्याचे गाणे काही इंदुरास ऐकू येऊ लागले नाही.

आत्या पुण्यास होती. तिने काय करावे? पेन्सिल घेऊन रेडिओपाशी बसावे, निसटलेले शब्द तेच गीत पुन्हा लागेल तेव्हा भरून काढावेत आणि सबंध गीत शाईने उतरवून आम्हांला धाडावे. शेवटी एक ओळ ठरलेली असे : ‘‘वहिनी, चाल फारच गोड आहे, पण ती कशी लिहू?’’

आईने तो प्रश्न आपल्यापुरता सोडविला. तिचे माहेर धारचे. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, शेजारणींकडून कानी पडलेली माळव्याची लग्नगीते, एवढे तिचे संगीताचे भांडवल. पत्र आले की ती ते फळीवरच्या डब्याला टेकवून ठेवी आणि भाकरी थापता थापता त्या शब्दांना आपल्याजवळची एखादी चाल लावून पाही. माडगूळकरांचे शब्द असे, की ते ओवीतही बसत आणि आरतीतही. अशा रीतीने आमच्या स्वयंपाकघरात एक निराळेच गीतरामायण तयार झाले. त्यातले शबरीचे गीत आईचे विशेष आवडते. ती ते संथ, जात्याच्या लयीत म्हणे.

वडिलांना हा प्रकार फारसा रुचत नसे. ते ग्रामोफोनवाले. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आणि बालगंधर्वांची नाट्यपदे ही त्यांची दौलत. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे गाणे, आणि दर बाजूला नवी सुई. सुयांची चपटी डबी ते कुलपात ठेवीत व जुनी सुई पुन्हा वापरणाऱ्यास रागे भरत. (आम्ही वापरीत असू. बालगंधर्वांच्या एका तबकडीवर जे ओरखडे आहेत, त्यांचे श्रेय आमचे.) गाणे म्हणजे ज्याचे त्याने, जसे बसविले तसे, असे त्यांचे मत. ‘‘फडक्यांनी चाल दिली आहे ना? मग ही दुसरी कशाला?’’ असे ते म्हणत आणि आई भाकरी उलटी.

१९५६ च्या उन्हाळ्यात आत्या आली. खंडव्यास गाडी बदलून, छोट्या रुळांवरच्या गाडीने कालाकुंडचा घाट चढून, सारे अंग कोळशाच्या कणांनी भरलेले. त्याच रात्री गच्चीवर तिने आठवतील तेवढी गीते खऱ्या चालींत म्हणून दाखविली. आम्ही भावंडे अवाक् होऊन ऐकत राहिलो. आईने एकेक चाल मोठ्या आवडीने उचलली. शबरीशी मात्र ती अडली. आत्या म्हणाली, ‘‘अहो वहिनी, ही तुमची चाल पार वेगळी आहे.’’ आई म्हणाली, ‘‘असू द्या हो वन्सं. तुमची शबरी तुमच्यापाशी, माझी माझ्यापाशी.’’

पुढे जे झाले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. पाचसहा वर्षांनी गणेशोत्सवातील एका गायनस्पर्धेत ताईने शबरीचे गीत म्हटले, आणि ते आईच्या चालीत. एव्हाना ठायी ठायी गीतरामायणाचे कार्यक्रम होऊ लागले होते व खरी चाल सर्वांना ठाऊक झाली होती. सभागृहात कुजबुज झाली. परीक्षकांनी, मुलीचा आवाज चांगला आहे पण चाल कोणीतरी चुकीची शिकविली आहे, असे सर्वांदेखत सांगितले. ताई रडत घरी आली आणि आईला म्हणाली, ‘‘तुझ्यामुळे हसू झालं माझं.’’ आम्हीही तिच्याच बाजूने बोललो. आई काही बोलली नाही. त्या दिवसापासून तिने शबरी म्हणणे सोडले. इतर गीते ती म्हणे, तीही फडक्यांच्या चालीत, अगदी बिनचूक.

याच सुमारास वडिलांच्या मतात एक पालट झाला. क्षयाच्या दुखण्याने १९४८ मध्ये देवासला येऊन राहिलेले कुमार गंधर्व बरे होऊन पुन्हा गाऊ लागले होते. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानी पडत. त्या लोकधुनांतून त्यांनी राग घडविले आणि माळव्याच्या लोकगीतांचा स्वतंत्र कार्यक्रमही सिद्ध केला. वडील तो ऐकून आले त्या रात्री बराच वेळ ओसरीवर बसून होते. मग आत येऊन म्हणाले, ‘‘ऐकलंत का, ती तुमची शबरी म्हणा पाहू.’’ आई म्हणाली, ‘‘आता आठवत नाही.’’ ते खोटे होते, हे दोघांनाही ठाऊक असावे.

वडील गेल्यावर, १९८६ च्या रामनवमीस, भाऊने नवा टेपरेकॉर्डर आणला आणि आईपाशी हट्ट धरला. ताई वडोदऱ्याहून आली होती. तिनेच आईचा हात धरून म्हटले, ‘‘आई, शबरी. तुझीच.’’ पंचवीस वर्षांनी आई ते गीत म्हणाली. स्वयंपाकघरात, पाटावर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एकदा कुकरची शिटी झाली तिच्यासह.

१९९१ साली आई गेली. जुने घर विकले गेले. ग्रामोफोन ताईकडे गेला, तबकड्या भाऊकडे राहिल्या आणि आत्याची पत्रे हैदराबादेस आमच्याकडे आली. आईची चाल मात्र तिघांनीही आपापल्या गळ्यात नेली, आणि तिथेच घोटाळा झाला. गेल्या रामनवमीस भाऊच्या सदनिकेत सारे एकत्र जमलो असता भाऊच्या नातीने शबरी शिकवा म्हटले, तेव्हा तिघांच्या तीन चाली निघाल्या. वाद बराच वाढला. सत्तरी उलटलेली माणसे पहिल्या ओळीतला एक स्वर वर की खाली यावरून एकमेकांशी अबोला धरतील की काय, अशी वेळ आली. मग भाऊने माळ्यावरून ती कॅसेट शोधून काढली आणि एका शेजाऱ्याकडून ती वाजविण्याचे यंत्र आणले.

आईचा आवाज लागला. पहिले कडवे भाऊ म्हणतो तसे. दुसरे कडवे ताई म्हणते तसे. एकाच बैठकीत आईने चाल वळविली होती, आणि आम्हांपैकी कोणाच्याही ध्यानी ते राहिले नव्हते. कुकरची शिटी झाली. सारे श्वास रोखून तिसऱ्या कडव्याची वाट पाहत होतो, तोच फितीतून क्रिकेटच्या धावत्या वर्णनाचा गलका सुरू झाला. १९८७ च्या ऑक्टोबरात इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा विश्वचषकाचा सामना झाला होता. त्या वेळी शाळकरी असलेल्या पुतण्याने हाताशी आली ती कॅसेट यंत्रात घातली होती. तो आता पन्नाशीचा आहे. तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. ताईच त्याला हात धरून परत आत घेऊन आली.

नातीला दोन कडवी त्याच संध्याकाळी बसली. पुढल्या कडव्यांसाठी आम्ही आत्याचे पत्र काढले आणि आमच्या आठवणीतली चाल तिला शिकविली. ती बहुधा तिसऱ्या कडव्याची असावी, असे आम्ही म्हणतो. ताई म्हणते, ती मुळात आईची नव्हेच, आमचीच आहे. परवा दूरध्वनीवर नातीने सबंध गीत म्हणून दाखविले. चौथ्या कडव्यात तिने काहीतरी आणखीच केले होते. आम्ही विचारले, तर म्हणाली, ‘‘आजोबा, तिथे मला तसंच यायला लागलं.’’