गरम गाडी सुरू का होत नाही?

उन्हाळ्याची दुपार. तीस मैल सुरळीत धावलेली एक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार चहापाण्यासाठी थांबते. दहा मिनिटांनी मालक किल्ली फिरवतो. सेल्फ इंजिनाला जोरात फिरवतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे. पण इंजिन काही सुरू होत नाही. अर्ध्या तासाने मात्र तीच गाडी, जणू काही घडलेच नव्हते, अशी सुरू होते. बिघाड नेमका कुठे आहे?

‘निरीक्षण, तर्क, प्रयोग, निष्कर्ष’ ही साखळी वर्गात शिकवताना आपल्याला जिवंत उदाहरणे कमी पडतात. हा प्रश्न तसे एक उदाहरण आहे, म्हणून त्याची उकल आपण पायरीपायरीने करू.

उदाहरणादाखल एमजीबी ही गाडी घेऊ. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील पुष्कळ आजही हौसेने चालवल्या जातात. १७९८ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, बहुतेक गाड्यांत एसयू जातीचे दोन कार्बुरेटर, आणि ठिणगीसाठी कॉइल, पॉइंट व कंडेन्सर अशी तिची साधी रचना आहे. संगणक नाही. त्यामुळे बिघाड शोधणाऱ्याला स्वतःच विचार करावा लागतो.

इंजिन चालण्यासाठी योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी ठिणगी हवी. गार झाल्यावर गाडी नीट चालते, म्हणजे दाब ठीक आहे. संशयित उरले दोन : पेट्रोल आणि ठिणगी. गंमत अशी की उष्णतेने दोघेही बिघडू शकतात आणि बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते.

प्रथम पेट्रोल पाहू. इंजिन बंद केल्यावर कार्बुरेटर गार होत जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो आधी आणखी तापतो! गाडी चालू असताना वाहती हवा, टाकीतून येणारे थंड पेट्रोल आणि त्याचे बाष्पीभवन यांमुळे त्याची उष्णता निघून जात असते. इंजिन थांबले की पंखा, पाणी, पेट्रोल सारेच थांबते. एमजीबीमध्ये जळालेले वायू बाहेर नेणारी ओतीव लोखंडाची तापलेली नळी कार्बुरेटरच्याच बाजूला, त्याच्या खाली असते. मध्ये उष्णतारोधक पत्रा असला तरी तिची उष्णता वर चढते.

पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील सर्वांत हलके घटक सुमारे ३५ अंश सेल्सिअसपासूनच उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपास तापमान लागते. एमजीबीचा विजेवरचा पंप मागे, टाकीजवळ असतो. तो पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे नळीत दाब असतो आणि उत्कलनबिंदू वाढतो. कार्बुरेटरचे फ्लोट चेंबर मात्र वातावरणाला उघडे असते. तेथे पेट्रोल उकळते, काही वेळा उसळून इंजिनात शिरते आणि मिश्रण पेटू नये इतके दाट होते. किंवा चेंबरच रिकामे होते.

आता ठिणगी. पॉइंट उघडले की कॉइलमधील प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब प्रवाह किती झटकन तुटतो यावर अवलंबून असतो, हा फॅरडेचा नियम आपण शिकवतोच. कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी आवरतो आणि प्रवाह झटकन तोडतो. त्याचे आतले विद्युतरोधन जुने झाले की गार असताना ते टिकते, तापले की गळू लागते. मग प्लगवरची ठिणगी दुबळी पडते किंवा नाहीशी होते.

येथे बहुतेकांची चूक होते. मालक प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फिल्टर सगळे एकाच दिवशी बदलतो. गाडी चालू लागली तर कशामुळे ते कळत नाही. आणि त्या दिवशी हवा थंड असेल तर काहीच सिद्ध होत नाही. पैसे जातात आणि दोष पुढच्या उन्हाळ्यात परत येतो. प्रयोगशाळेत उपकरण बिघडले की आम्हालाही हाच मोह होतो, म्हणून अनुभवाने सांगतो : एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

शोध बिघाडाच्या क्षणीच घ्यायला हवा. प्लगच्या तारेला बाहेरून अडकवायचा टायमिंग दिवा सेल्फ मारताना लुकलुकतो का, ते पाहावे. उघडी ठिणगी पाडून पाहणे टाळावे, कारण आसपास पेट्रोलची वाफ असते. दिवा लुकलुकलाच नाही तर दोष विजेचा. नियमित लुकलुकला तर संशय पेट्रोलकडे वळतो, आणि प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले. अशा वेळी चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. मग पंपाकडे कान द्यावा. किल्ली फिरवताच तो टिकटिकतो आणि चेंबर भरले की थांबतो. मुळीच टिकटिकला नाही तर दोष पंपात किंवा त्याच्या तारेत.

संशय पेट्रोलवर आला की जुने मिस्त्री कार्बुरेटरवर ओला फडका टाकतात. गाडी सुरू झाली तर ‘सापडले’ म्हणतात. पण फडका नसताही ती काही वेळाने सुरू झालीच असती! म्हणून तशाच एका उष्ण दिवशी, तितक्याच प्रवासानंतर, फडक्याविना किती मिनिटे लागतात ते आधी मोजायला हवे. तुलनेवाचून प्रयोग नाही, हे मुलांना सांगायला याहून सोपे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

या जुन्या कोड्यात आता एक नवी भर पडली आहे. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधील नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांपर्यंत इथेनॉलचे महागडे पेट्रोल ठेवले आहे. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि त्याचा बाष्पदाब पेट्रोलहून कमी असतो. तरीही थोडे इथेनॉल मिसळले की त्याच पेट्रोलचा बाष्पदाब वाढतो. इथेनॉलचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. पेट्रोलच्या गर्दीत ते विखुरले की ही पकड सुटते आणि ते सहज निसटतात. शिवाय एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर १० टक्के मिश्रणाला सुमारे १४.१ किलो. साठ वर्षांपूर्वीच्या प्रमाणात घासलेली कार्बुरेटरची सुई हा फरक ओळखत नाही, आणि मिश्रण सुमारे ४ टक्के विरळ होते. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने फुगतात, चिरतात. गरम इंजिनावर गळणारी नळी म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून सर्वांत आधी त्या बदलाव्यात.

भारतातही २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. तेव्हा कार्बुरेटरच्या जुन्या स्कूटरबद्दल विद्यार्थी विचारतीलच. वर्गात पेट्रोल आणू नये. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या नळीत थोडे गरम, पण हात न भाजेल इतके पाणी घ्यावे, तोंड बोटाने बंद करावे आणि दट्ट्या ओढावा. पाण्यात बुडबुडे उठतील. काही विरघळलेल्या हवेचे असतील, काही वाफेचे. त्यांतले कोणते कशाचे, हे कसे ठरवाल, एवढाच प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उत्तर आपण सांगू नये.