सत्काराला ‘नको’ म्हटलं तर?

घरातलं मूल खेळात चमकलं की पुढचा क्रम तुम्हाला पाठ असेल. आधी पेपरात दोन ओळी येतात, मग व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण येतं. मान्यवरांच्या हस्ते सत्कार, वेळ सायंकाळी पाच, पालकांनी चारलाच हजर राहावं. मान्यवर साडेसातला येतात. शाल, श्रीफळ, मोमेंटो आणि एक फोटो. फोटोत नेता मधोमध असतो आणि मूल कडेला.

आम्ही भिलाईत राहतो. हे शहर पोलाद कारखान्याभोवती वसलेलं आणि इथं समारंभांची कधी कमतरता नसते. गेल्या वर्षी आमच्या सेक्टरमधल्या एका मराठी घरात असंच निमंत्रण आलं. मुलगी सतरा वर्षांची, राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळते. सत्कार करणाऱ्या नेत्याचं नाव वाचून ती म्हणाली, “आई, मी जाणार नाही.”

कारण साधं होतं. त्याच गृहस्थांनी काही महिन्यांपूर्वी एका सभेत मुलींनी हाफपँट घालून मैदानात उतरण्याबद्दल काहीबाही म्हटलं होतं. “ज्या कपड्यांत मी मेडल मिळवलं, त्याची ज्यांना लाज वाटते त्यांच्या हातून मी शाल का घेऊ?” असा तिचा प्रश्न होता.

बाबा गप्प झाले. आजोबा चिडले, “मोठ्या माणसाला असं तोंडावर नाही म्हणतात का?” आईला वेगळीच काळजी, उद्या हिच्या नोकरीचा प्रश्न आला तर? तुमच्या घरात हा प्रसंग आला असता तर तुम्ही कोणाच्या बाजूनं बोलला असता? उत्तर देण्याआधी थोडं मागं जाऊ या, कारण असं ‘नको’ म्हणणारी ही पहिली खेळाडू नाही.

२००८ सालची गोष्ट. बीजिंग ऑलिंपिकची मशाल जगभर फिरत होती आणि १७ एप्रिलला ती दिल्लीत राजपथावरून जाणार होती. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा सुरेश कलमाडी होते, आपल्या पुण्याचे खासदार. मशाल घेऊन धावण्याचं निमंत्रण म्हणजे खेळाडूसाठी मोठा मान. भारतीय फुटबॉल संघाचा कर्णधार बायचुंग भुतिया यालाही ते मिळालं होतं, आणि त्यानं ते नाकारलं. भुतिया सिक्कीमचा, धर्मानं बौद्ध. त्या मार्चमध्ये तिबेटात आंदोलन पेटलं होतं आणि चीननं ते बळानं दडपलं होतं. तिबेटी लोकांबद्दल मला सहानुभूती आहे, म्हणून मी धावणार नाही, एवढंच त्यानं सांगितलं. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, इतरांनीही धावू नये असंही म्हटलं नाही.

किरण बेदींनीही नकार दिला. इतक्या बंदोबस्तात पिंजऱ्यातून धावल्यासारखं धावण्यात अर्थ नाही, असा त्यांचा रोख होता. आमिर खान मात्र धावला, पण आपण तिबेटच्या लोकांसाठी मनात प्रार्थना घेऊन धावतो आहोत, असं आधीच सांगून. मला हे तिन्ही मार्ग प्रामाणिक वाटतात. सदसद्विवेक म्हणजे सगळ्यांनी एकच उत्तर देणं नव्हे.

प्रत्यक्ष सोहळा कसा झाला? मार्ग कापून जेमतेम सव्वादोन-अडीच किलोमीटरवर आणला, हजारो पोलीस उभे केले आणि सामान्य माणसाला जवळपास फिरकू दिलं नाही. ज्यांच्यासाठी मशाल आणली ते प्रेक्षकच तिथं नव्हते! त्याच दिवशी दिल्लीतल्या तिबेटी निर्वासितांनी स्वतःची वेगळी मशालदौड काढली.

मग भुतियाचं काय झालं? त्याचं कर्णधारपद गेलं नाही. त्याच वर्षी त्याला पद्मश्री मिळाली. ऑगस्टमध्ये, तिकडे बीजिंगमध्ये ऑलिंपिक सुरू असताना, इकडे दिल्लीत त्याच्या संघानं ताजिकिस्तानला ४-१ हरवून एएफसी चॅलेंज कप जिंकला. तीन गोल सुनील छेत्रीचे, एक भुतियाचा.

सगळ्यांच्या नशिबी असं येत नाही. १९३२ साली भारताचा क्रिकेट संघ पहिलावहिला कसोटी सामना खेळायला इंग्लंडला निघाला होता. तेव्हा गांधीजी आणि काँग्रेसचे बहुतेक पुढारी तुरुंगात होते. मुंबईच्या विजय मर्चंट आणि एल. पी. जय यांनी ठरवलं, नेते कोठडीत असताना आपण साहेबाच्या देशात खेळायला जायचं नाही. विचार करा, मर्चंट तेव्हा जेमतेम विशीतले. लॉर्ड्सवर देशाच्या पहिल्या कसोटीत उतरण्याची संधी आयुष्यात पुन्हा येणार नव्हती. तो मान नागपूरच्या सी. के. नायडूंच्या संघाला मिळाला आणि हे दोघं घरी राहिले.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३३ मध्ये, इंग्लंडचा संघ मुंबईला आला आणि बॉम्बे जिमखान्यावर दोघांनाही कसोटी खेळायला मिळाली. मर्चंट पुढं मोठे झाले, त्यांचं नाव आजही घेतलं जातं. जय यांच्या वाट्याला मात्र तेवढीच एक कसोटी आली. १९३२चा दौरा केला असता तर आणखी किती मिळाल्या असत्या, याचा हिशेब कोण मांडणार? खेळाडूचं ऐन उमेदीचं वय आठ-दहा वर्षांचं असतं. त्यातलं एक वर्ष तत्त्वासाठी सोडणं म्हणजे काय, हे नोकरदार माणसाला पटकन कळत नाही. आपण साठीपर्यंत काम करतो.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी मोठी माणसं. आणि नेत्यानं बोलावलं तर जाणं हा शिष्टाचार आहे, त्यात राजकारण कशाला आणायचं? आजोबांचा मुद्दाही हाच होता. तो मी उडवून लावणार नाही. राष्ट्रपती किंवा पंतप्रधान सत्कार करतात तेव्हा ती व्यक्ती देशाच्या वतीनं उभी असते, असं मानणारे पुष्कळ लोक आहेत, आणि ते चूक नाहीत. पण मग तो फोटो उद्या पक्षाच्या फलकावर दिसला की काय म्हणायचं? सत्कार देशाचा होता की पक्षाचा?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तिथं विजेत्या संघाला व्हाइट हाउसमध्ये बोलावण्याची प्रथा आहे. १८६५ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बेसबॉल संघांना बोलावलं, तिथपर्यंत ती मागं जाते, आणि रेगन यांच्या काळापासून ती नेहमीचीच झाली. नकार देणारे फक्त एकाच विचाराचे असतात, असा समज असेल तर तो काढून टाका. २०१२ मध्ये आइस हॉकीचा गोलरक्षक टिम थॉमस ओबामांच्या सत्काराला गेला नाही, कारण सरकार वाजवीपेक्षा फुगलं आहे आणि नागरिकांच्या स्वातंत्र्यावर गदा येते आहे, असं त्याला वाटत होतं. दोष दोन्ही पक्षांचा आहे, हेही त्यानं लिहिलं. २०१३ मध्ये फुटबॉलपटू मॅट बर्क गर्भपाताला असलेल्या विरोधामुळे गेला नाही. २०१७ मध्ये बास्केटबॉलचा स्टीफन करी म्हणाला, मला जायचं नाही, तर दुसऱ्याच दिवशी ट्रम्प यांनी ट्वीट करून निमंत्रणच मागं घेतलं. पुढं फेब्रुवारी २०१८ मध्ये करीचा संघ वॉशिंग्टनला गेला तेव्हा व्हाइट हाउसऐवजी शाळकरी मुलांना घेऊन आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय बघून आला. ही कल्पना मला फार आवडली.

क्रेग हॉजेसला मात्र जड गेलं असावं. १९९१ मध्ये तो शिकागो बुल्सबरोबर व्हाइट हाउसमध्ये गेला, पण आफ्रिकी पद्धतीचा पांढरा झगा घालून, आणि अध्यक्ष बुश यांच्यासाठी गरीब व कृष्णवर्णीय वस्त्यांविषयी हातानं लिहिलेलं पत्र घेऊन. पुढच्या वर्षी संघानं त्याला सोडलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं नाही. पत्रामुळेच असं झालं, असा त्याचा दावा होता. तो कोर्टातही गेला, पण हरला.

आपल्याकडे असे नकार कमी का दिसतात? आपले खेळाडू भित्रे आहेत म्हणून नव्हे. करीचा पगार खासगी संघ देतो. आपल्याकडचा कबड्डीपटू, पैलवान, धावपटू रेल्वेत, पोलिसांत, सैन्यात किंवा एखाद्या सरकारी कारखान्यात नोकरीला असतो, नाहीतर त्या नोकरीची वाट बघत असतो. मैदान सरकारचं, वसतिगृह सरकारचं, शिष्यवृत्ती सरकारची, आणि खेळाच्या संघटनांच्या खुर्च्यांवर बहुधा राजकारणीच. अशा वेळी ‘नको’ म्हणण्याची किंमत एकटा खेळाडू देत नाही, अख्खं घर देतं. आमच्या शेजारच्या आईची काळजी म्हणून खोटी नव्हती. भिलाईच्या कोर्टावरून गेलेल्या मुलींना रेल्वेत नोकऱ्या लागल्याचं तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणूनच डिसेंबर २०२३ मधली दृश्यं लक्षात राहतात. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला पैलवानांनी लैंगिक छळाचे आरोप केले होते. त्यांनी ते फेटाळले. महासंघाच्या निवडणुकीत त्यांच्याच जवळचे उमेदवार जिंकल्यावर साक्षी मलिकनं टेबलावर बूट ठेवून कुस्ती सोडली. दुसऱ्या दिवशी बजरंग पुनियानं पद्मश्री कर्तव्य पथाच्या फुटपाथवर ठेवली. आठवड्याभरानं विनेश फोगाटनं खेलरत्न आणि अर्जुन पुरस्कार तिथंच ठेवले. पटो वा न पटो, ज्या घरात ते पदक भिंतीवर टांगलेलं होतं, तिथली रिकामी जागा कशी दिसत असेल?

शेजारच्या मुलीला मी यातलं बरंच सांगितलं. तिला सगळ्यात भावली ती पुण्याची बुद्धिबळपटू सौम्या स्वामिनाथन. २०१८ मध्ये आशियाई सांघिक स्पर्धा इराणमध्ये होणार होती आणि तिथं डोक्याला स्कार्फ सक्तीचा होता. स्पर्धा आधी बांगलादेशात होणार होती तेव्हा सौम्यानं होकार दिला होता. जागा बदलल्यावर तिनं संघातून नाव काढून घेतलं. देशासाठी खेळणं अभिमानाचं आहे, खेळासाठी तडजोडीही आम्ही करतो, पण काही गोष्टींत तडजोड होत नाही, असं तिनं फेसबुकवर स्पष्ट लिहिलं. त्याआधी २०१६ मध्ये नेमबाज हिना सिद्धूनंही याच कारणासाठी तेहरानची स्पर्धा सोडली होती.

“तिनं कारण सांगितलं आणि विषय संपवला,” मुलगी म्हणाली. “मलाही तसंच लिहायचंय.”

त्या रात्री त्या घरात बराच वेळ दिवा होता. बाबांनी तिच्याशी एकच करार केला. भाषण नाही, स्टेटस नाही, कोणाचा अपमान नाही, पण खोटं कारणही नाही. ‘ताप आला आहे’ असं लिहायचं नाही. आजोबांना हे शेवटचं कलम पटलं, कारण खोटं बोलण्याचा त्यांना नेत्यांपेक्षा जास्त राग आहे. मग तिनं आयोजकांना तीन ओळी लिहिल्या. निमंत्रणाबद्दल आभार. मुलींच्या खेळाच्या कपड्यांबद्दल माननीयांनी केलेलं विधान मला मान्य नसल्यानं मी उपस्थित राहू शकणार नाही. माझ्या संघातल्या इतर मुलींचा सत्कार जरूर करावा.

आईनं तो मेसेज चार वेळा वाचला आणि ‘माननीयांनी’ हा शब्द बरोबर लिहिलाय का, एवढंच विचारलं.

समारंभाच्या दिवशी पाच वाजता ती नेहमीसारखी सरावाला गेली. तिचं नाव पुकारलं गेलं नाही. तीन-चार दिवसांनी एक कार्यकर्ता मोमेंटो घरी देऊन गेला, आजोबांनी त्याला चहा पाजला. तो डबा अजून चकचकीत कागदासकट कपाटावर आहे. तो उघडायचा की परत पाठवायचा, यावर त्या घरात अजून एकमत झालेलं नाही.